वड्यांचं टेबल

रत्नागिरीच्या झाडगावात लीलाकाकू आठल्यांकडे काही मागायला जायचं तर जपून जावं लागतं, कारण काकू देतात. तुम्ही विळी मागायला गेलात तर विळी मिळते, वर नारळ मिळतो, आणि "घरी जाऊन कधी खवणार? बस, मी देत्ये खवून" असं म्हणून खवलेलं खोबरंही मिळतं. पलीकडचे दामले एकदा जुनं वर्तमानपत्र मागायला आले ते पितळेची समई घेऊन परत गेले. त्यात दामल्यांचा काही दोष नव्हता. ते समईकडे बघून "छान आहे हो" एवढंच म्हणाले होते.

काकूंचं वय शहात्तर. ह्या शहात्तर वर्षांत त्यांच्या तोंडून मराठीतले बहुतेक सगळे शब्द बाहेर पडले, "नाही" तेवढा आत राहिला. सासूबाईंनी लग्नातल्या पाटल्या धाकट्या जावेसाठी मागितल्या, काकूंनी दिल्या. दिरांनी आगरातलं चांगलं पायरी आंब्याचं कलम आपल्या वाटणीत मागितलं, काकूंनी नवऱ्याला सांगून तेही दिलं. आणि चिपळूणच्या नणंदेनं, म्हणजे वन्संनी, अठ्ठ्याऐंशी साली मुलीच्या लग्नासाठी ओटीवरचा सागवानी झोपाळा नेला तो "वर्षभरासाठी" म्हणून. ते वर्ष अजून संपायचं आहे. मधे दोन मोठे पूर आले, चिपळूणची बाजारपेठ दोनदा धुऊन निघाली, पण झोपाळा वरच्या मजल्यावर असल्यामुळे त्याला काही झालं नाही, हे वन्संनीच फोन करून आनंदानं कळवलं. आठल्यांच्या ओटीवर झोपाळ्याच्या चार कड्या अजून तुळईला लोंबतात आणि काकू दर दिवाळीला त्यांना तेल लावतात.

भीड ही भिकेची बहीण, असं काकूंची आई सांगायची. आई सांगून गेली, बहीण मात्र काकूंकडे राहायला आली. आता तिला हाकलण्याचं काम एका टेबलानं केलं, ते कसं ते सांगायचं आहे.

टेबल घरात आलं बहात्तर साली. तेव्हा बंदराच्या कामावर बिलिमोरिया नावाचे एक पारशी इंजिनियर होते. त्यांची बदली झाली आणि त्यांनी बंगल्यातलं सामान विकायला काढलं. काकूंचे यजमान, ज्यांना सगळी आळी आप्पा म्हणायची, ते आगरासाठी पाण्याचा पंप आणायला म्हणून हातगाडी ठरवून तिकडे गेले. पंप त्यांच्या आधीच कोणीतरी नेला होता. आता ठरवलेली हातगाडी मांडवीपासून झाडगावापर्यंत रिकामी आणायची म्हणजे वाटेत दहा माणसं विचारणार, "काय आप्पा, मिळाला नाय वाटतं?" हे काही आप्पांना सोसणारं नव्हतं. म्हणून गाडीवर काहीतरी हवं, आणि बंगल्यात उरलेलं एकच काहीतरी म्हणजे हे टेबल.

वर पांढरा संगमरवर, त्यात करड्या शिरा, चार फूट लांब नि दोन फूट रुंद. खाली स्टीलच्या चपट्या पट्ट्यांचे पाय, आरशासारखे चकचकीत. उंची मात्र गुडघ्याएवढी. साहेबानं सांगितलं की हे कॉफी टेबल आहे, इटलीहून आणलंय. आठल्यांच्या घरात कॉफी फक्त कोणी आजारी पडलं की व्हायची.

चार माणसांनी ते उचलून ओटीवर ठेवलं. सासूबाईंनी त्याला चारी बाजूंनी फेरी मारली आणि विचारलं, "पाणी कुठून येतं ह्यातून?"

आप्पा अडचणीत सापडले. ह्याच्यावर बसावं तर गार लागतं, जेवावं तर पाटावर बसणाऱ्याला उंच नि खुर्चीवर बसणाऱ्याला बुटकं. नाकापेक्षा मोती जड, तशातली गत. आईपुढे उभं राहून काय सांगावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी दाराआडून बघणाऱ्या बायकोकडे बोट दाखवलं आणि ठोकून दिलं, "ते लीलाला आणलंय. तिचं आहे ते."

ही शुद्ध थाप होती. ते काकूंनाही कळलं, सासूबाईंनाही कळलं आणि हातगाडीवाल्यालाही कळलं. पण आठल्यांच्या घरात एखादी वस्तू काकूंची आहे असं मोठ्यानं म्हटलं गेलं, ते त्या एकाच दिवशी. चोवीस वर्षांची सून दाराआड लाल झाली होती.

पहिली दोन वर्षं टेबल नुसतं अडचण होऊन राहिलं. एकदा त्यावर गणपती बसवून पाहिला, तर देव आपल्या गुडघ्याशी बसलेला, आणि आरती वाकून म्हणावी लागली. शेवटी ते ओटीवरून माजघरात गेलं. मग एका मे महिन्यात काकूंनी आंब्याच्या वड्या करायला घेतल्या. हापूसचा रस आणि साखर कढईत आटवत ठेवायची, दीड-दोन तास ढवळायची, आणि त्याचा गोळा होऊन तो कढईपासून सुटला की तिथून पुढे दोन मिनिटं तुमची. तेवढ्यात तो थापला तर वड्या, नाहीतर दगड. त्या दिवशी गोळा सुटला आणि थापायच्या ताटात सासूबाई खुशाल तांदूळ निवडत बसलेल्या. काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हातातल्या कढईसकट धावत जाऊन गोळा संगमरवरावर ओतला.

तसा वड्यांचा थर आळीत कोणी कधी पाहिला नव्हता. दगड गार, त्यामुळे खालून घट्ट आणि गुळगुळीत. टेबल बुटकं, त्यामुळे छोट्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी सारखा दाब देता येतो. वाटीच्या बुडाला तूप लावून काकूंनी तो थापला, लांब सुरी घेतली, फूटपट्टी ठेवली आणि शंकरपाळ्याच्या आकाराच्या एकसारख्या वड्या पाडल्या. सासूबाईंनी एक तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "पंप आणला असता तर हे झालं नसतं." सासूबाईंकडून ह्याहून मोठं प्रशस्तिपत्रक कोणाला मिळालेलं नाही.

तेव्हापासून आळीत रीतच पडली. सुट्टीला आलेलं कुठलंही कुटुंब मुंबई-पुण्याला परत निघालं की काकूंचा वड्यांचा डबा घेतल्याशिवाय निघत नाही. गाडी चुकली तर दुसरी मिळेल, डबा चुकता कामा नये. सासूबाई गेल्या, मुलगा सलिल पुण्याला स्थायिक झाला, सहा वर्षांपूर्वी आप्पाही गेले. वड्या चालू राहिल्या. कढई ढवळायला तीस वर्षं परटवण्याची सोनूबाई येते. तिचं आणि काकूंचं नातं मोलकरीण-मालकिणीचं राहिलेलं नाही, कारण मालकीण कोण हे दोघींनाही आता नक्की सांगता येत नाही. वड्या पाडल्यावर कडेला जे त्रिकोणी तुकडे उरतात ते ढवळणाऱ्याचे, हाही तिथला कायदा. सोनूबाई ते कोणालाही देत नाही, नातवालासुद्धा नाही.

आता गेल्या मे महिन्याकडे येऊ.

सलिलचा मुलगा अपूर्व पुण्याला आर्किटेक्ट झाला. सत्तावीस वर्षांचा, उंच, बोलताना हात हवेत फिरवणारा. त्याला आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते योगायोगानं रत्नागिरीतच. राही नावाच्या मुंबईच्या एका बाईंनी भाट्याला समुद्राजवळ जुनं घर घेतलं होतं, तिथे पाहुण्यांसाठी होमस्टे करायचा होता. त्यांना सगळं जुन्या काळचं हवं होतं, आणि जुनं म्हणजे आजोबांच्या नव्हे, बाबांच्या काळचं. अपूर्व आजीकडे राहायला आला आणि तिसऱ्या दिवशी माजघरात चार्जर शोधताना त्यानं टेबलावरचं मेणकापड उचललं.

"आजी! हे काय आहे?"

"टेबल," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "चार्जर फडताळात आहे."

पोरगा तोवर पालथा झोपून टेबलाच्या खाली गेला होता. आप्पांना पायांवर गंज चढलेला खपत नसे, आणि रत्नागिरीची हवा तर लोखंडाला लोणचं समजते. म्हणून ते दर दिवाळीला फाटकाला रुपेरी रंग लावताना उरलेला रंग टेबलाच्या पायांना लावत. चाळीस दिवाळ्यांचे चाळीस थर. अपूर्वनं ते दोन दिवस बसून खरवडले आणि आतलं स्टील बाहेर काढलं. वरचा दगड पुसला. मग तो उन्हाच्या तिरिपेत दगडाकडे बघत राहिला आणि त्यानं आजीला हाताला धरून आणलं.

"हे बघ. बोट फिरव. दिसतंय का, डायमंड कोरलेत! सगळीकडे एकसारखे. हे हाताचं काम आहे आजी, मशीनचं नाही. कोण कारागीर असेल इटलीतला! मी राहीताईंना फोटो पाठवला, त्या वेड्या झाल्यात. म्हणाल्या, अशी कोरीव नक्षी त्यांनी कुठेच पाहिली नाही."

काकूंनी बोट फिरवलं. पन्नास वर्षं, दर मे महिन्यात आठ-दहा थर, त्याच कडेला तीच फूटपट्टी लावून तीच सुरी ओढलेली. संगमरवर दिसतो कठीण, पण सुरीपुढे बिचारा मऊ. इटलीतला कारागीर तो, आणि त्याच्या हाताला अजून तुपाचा वास येत होता.

काकूंनी सांगायला तोंड उघडलं. पण नातवाचा चेहरा असा काही फुलला होता की त्यांना ते मोडवेना. तो हे कधी पाहू शकला नव्हता हेही खरंच होतं. रस आटताना उडतो, डोळ्यात गेला तर काय घ्या, म्हणून वड्यांच्या दिवशी पोरांना स्वयंपाकघर आणि माजघर दोन्ही बंद. अपूर्वला लहानपणापासून एवढंच माहीत की वड्या डब्यातून येतात.

"आजी, हे टेबल त्यांच्या बैठकीच्या खोलीत ठेवलं ना, तर अख्खं घर त्याच्याभोवती उभं राहील. माझं पहिलं काम आहे. नेऊ?"

"ने की," काकू म्हणाल्या.

म्हणाल्या म्हणजे काय, तोंडातून निघून गेलं. शिंक येते तसं.

सोनूबाईला कळलं तेव्हा ती आंबे पिळत होती. तिनं कोय पातेल्यात आपटली. "आणि वड्या काय माझ्या पाठीवर थापणार?"

"ओटा आहे की."

"कंबर हाय का तुमची ओट्यावर वाकायला? गुडघ्याचं आपरेशन झाल्यापासून पाच मिनटं उभं ऱ्हावत नाय तुमाला. पोराला सांगा, नाय म्हणून."

"अगो, तोंडातून गेलंय. आता कसं सांगायचं?"

"काकी, तुमच्या तोंडातून काय जायचं ऱ्हायलंय? झोपाळा गेला, समई गेली. एक दिवस तुमी स्वतः कोणच्या तरी घरी जाशाल नि मी दार लावायला ऱ्हाईन."

त्या दिवशी दोघींनी परीक्षा म्हणून एक थर मोठ्या स्टीलच्या ताटात थापून पाहिला. थापला गेला. ताटाच्या काठात फूटपट्टी बसेना, म्हणून काकूंनी नुसतीच सुरी घेतली आणि पहिली रेघ ओढली. ती निघाली सापासारखी. दुसरी तिच्याहून वाईट. तिसऱ्या रेघेला सुरी पहिलीला जाऊन भेटली. ताटात कुठे वीतभर वडी नि कुठे नखाएवढी, कोकणचा नकाशा झाला होता.

सोनूबाईनं काकूंच्या हातातून सुरी काढून घेतली. कारण तिला माहीत होतं. काकूंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढूनही तो अंधुकच, आणि डाव्याच्या पडद्याला काहीतरी झालेलं. डॉक्टरांनी चौकटीचौकटींचा कागद समोर धरला होता, तो काकूंना भरतीच्या पाण्यासारखा हलताना दिसला. सरळ रेघ त्यांना सरळ दिसत नाही, ह्याला दोन वर्षं झाली. हे त्यांनी सलिलला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं प्रेमानं उचलून पुण्याला नेलं असतं, आणि तिथेही त्या "बरं" म्हणाल्या असत्या. पण ह्या दोन वर्षांत वड्या मात्र तशाच एकसारख्या पडत होत्या, हे कसं, हा विचार काकूंनी कधी केलाच नव्हता. आता त्या ताटाकडे बघत बसल्या असताना त्यांना ते उमगलं. दोन वर्षं त्या वड्या पाडत नव्हत्या, टेबल पाडत होतं. सुरी दगडातल्या आपल्या जुन्या रेघेत जाऊन बसायची आणि आपली आपण सरळ जायची. टेबल गेलं की वड्या गेल्या. आणि वड्या गेल्या की काकूंकडे कोणी मागायला येईल असं काही राहिलंच नाही.

त्यांना रडू आलं. दोन मिनिटं त्या चांगल्या रडल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "जाऊ दे. पोराचं पहिलं काम आहे."

सोनूबाईनं त्यावर फक्त विचारलं, "टेंपो कधी येतोय?"

"परवा. दहाला."

"बरं," सोनूबाई म्हणाली. तिचं "बरं" काकूंच्या "बरं"सारखं नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळी साडेआठलाच ती हजर झाली. उरलेला रस नासेल, आटवून टाकते, मग थापू कुठेतरी, असं म्हणून तिनं कढई चढवली. काकू पाहुण्यांसाठी पन्हं करण्यात गुंतल्या होत्या, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. सोनूबाईनं पाहिलं होतं. साडेआठला चढवलेला रस कधी सुटतो हे तीस वर्षं कढई ढवळणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

बरोबर दहाला मिरजोळ्याच्या वर्कशॉपचा टेंपो दारात लागला. आधी पायांना नीट पॉलिश करून घ्यायचं आणि मग भाट्याला पोचवायचं असा बेत होता. टेंपोवाला रघू आणि त्याचा जोडीदार आत आले. मागोमाग राहीताई आल्या. पंचेचाळिशीच्या, पांढऱ्या केसांचा बॉब, खांद्याला कॅमेरा. त्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला आणि सरळ टेबलाशी जाऊन मांडी घालून बसल्या. वागणं चांगलं होतं बाईंचं, तिथेच पंचाईत होती. उद्धट माणसाला नाही म्हणणं एखादवेळेस जमलंही असतं.

"आजी, काय सुंदर ठेवलंत तुम्ही हे," त्या रेघांवरून हात फिरवत म्हणाल्या. "ही नक्षी कोणी केली, काही कागद वगैरे आहेत का? मला ह्याची सगळी हिस्ट्री लिहून लावायची आहे भिंतीवर."

अपूर्व आशेनं आजीकडे बघत होता. काकूंची चुळबुळ चालली होती. थाप मारायची त्यांना सवय नव्हती, ते खातं आप्पांकडे होतं.

"नक्षी ना," काकू म्हणाल्या. "सुरीनं झाली."

"म्हणजे छिन्नीनं?"

"नव्हे गो. सुरीनं."

राहीताई हसल्या, आजींना तांत्रिक गोष्टी कशा माहीत असणार अशा समजूतदारपणानं. रघूनं आणि जोडीदारानं दगडाच्या दोन टोकांना हात घातला. दगड पायांवरून चार बोटं उचलला गेला. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून सोनूबाईनं आरोळी ठोकली.

"काकी! गोळा सुटला!"

रत्नागिरीत आग लागली अशी आरोळी आली असती तरी काकू इतक्या चटकन हलल्या नसत्या. पन्नास वर्षं ह्या आरोळीनंतर अंगात जे संचारतं ते संचारलं. दोन मिनिटं. थापायचं कुठे? त्यांनी ओट्याकडे पाहिलं नाही, ताटाकडे पाहिलं नाही.

"ठेव तो दगड खाली!" त्या रघूवर कडाडल्या. "होता तसा ठेव! अपूर्व, तुपाची वाटी आण. बाई, तुम्ही जरा मागे सरा, चटका बसेल."

रघूनं दगड ठेवला. सोनूबाई कढई घेऊन अवतरली आणि तिनं केशरी, वाफाळता गोळा टेबलाच्या मधोमध ओतला. तिच्या चेहऱ्यावर भाव असा की मी बापडी काय, रसानं वेळ ठरवली. काकू स्टुलावर बसल्या. वाटीचं बूड गोलगोल फिरलं, थर पसरला, कडा सरळ झाल्या. आंब्याच्या वासानं माजघर भरून गेलं. रघू टेंपो विसरला, राहीताई कॅमेरा विसरल्या.

मग काकूंनी सुरी घेतली. टेबलाच्या कडेची खाच अंगठ्यानं चाचपली, सुरीचं टोक त्यात टेकवलं आणि ओढली. सर्रकन. सरळ. दुसरी खाच, दुसरी रेघ. आडव्या झाल्या, मग तिरक्या. फूटपट्टी खिळ्याला लटकलेलीच होती.

"आजी," अपूर्व हळूच म्हणाला, "तू बघत पण नाहीयेस."

"बघायचं काय त्यात? ती जाते तिची ती."

हातच्या कंकणाला आरसा कशाला. टेबलाच्या मोकळ्या कडांवरच्या दगडातल्या रेघा आणि मधल्या वड्यांच्या रेघा एकमेकींत जाऊन मिळत होत्या, एकीचाही सांधा कळत नव्हता. अपूर्वचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इटलीतला कारागीर त्याच्यासमोर पदर खोचून बसला होता.

राहीताईंनी मोकळ्या कडेच्या एका खाचेवरून बोट वडीपर्यंत नेलं. मग त्यांचे डोळे चमकले. "आजी, हे तर त्याहून भारी आहे! इटलीचं काय घेऊन बसलात. पन्नास वर्षांच्या वड्यांच्या रेघा! आता तर मला हेच टेबल हवं. मी तुमचं नाव लावीन वर."

हे मात्र सोनूबाईच्या हिशेबात नव्हतं. तिचा चेहरा उतरला. खरं सांगितलं की टेबल वाचेल असं तिला वाटलं होतं, आणि खरं कळल्यावर तर मागणी वाढली.

सगळे काकूंकडे बघत होते. काकूंच्या जिभेवर तो नेहमीचा शब्द येऊन बसलाच होता, "न्या की." इतक्या चांगल्या बाई, नमस्कार करणाऱ्या. नातवाचं पहिलं काम. काकूंनी हाताखालच्या थराकडे पाहिलं. वड्या त्यांना भरतीच्या पाण्यासारख्या हलताना दिसत होत्या, पण सुरीच्या टोकाला दगडातली खाच घट्ट लागत होती.

"नाही," काकू म्हणाल्या.

शब्द बाहेर पडला आणि त्या स्वतःच दचकल्या. घरात कोणी परका आला की काय असं त्यांनी मागे वळून पाहिलं.

"नाही हो," त्या पुन्हा म्हणाल्या, आता जरा चव घेऊन. "हे मी देणार नाही. अपूर्व, तुला ने म्हटलं ते माझं चुकलं. ह्याच्याशिवाय मला वड्या पाडता येत नाहीत, डोळे गेलेत माझे. आणि हे टेबल माझं आहे. तुझ्या आजोबांनी मला आणलंय."

सोनूबाईच्या हातातलं उलथनं खाली पडलं आणि खणखणत ओट्यापर्यंत गेलं.

आप्पांची ती बहात्तर सालची थाप खरी व्हायला बावन्न वर्षं लागली. वर कुठे असतील तिथे त्यांनी मिशीवरून हात फिरवला असेल.

राहीताई मनापासून हसल्या. "माझी आई असती ना, तर मी तिला तुमच्याकडे शिकवणीला पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायच्या." तेवढ्यात सोनूबाईनं कडेचे त्रिकोणी तुकडे बशीत गोळा केले, क्षणभर विचार केला, आणि ती बशी राहीताईंच्या पुढे धरली. तिचा तो हक्काचा वाटा तिनं दुसऱ्याला दिलेला आळीनं आजवर एकदाच पाहिला आहे, तो त्या दिवशी.

टेंपो रिकामा गेला नाही. रिकामी गाडी पाठवणं ह्या घराला आवडत नाही. रघूबरोबर आगरातले शंभर आंबे गेले, राहीताईंबरोबर वड्यांचा डबा गेला. अपूर्वचं कामही गेलं नाही. भाट्याच्या घरासाठी त्यानं जांभ्या दगडाचं बुटकं टेबल काढलं, पाय मिरजोळ्याला त्याच वर्कशॉपमध्ये करून घेतले. राहीताईंना ते आवडलं. इटलीचं नाव आता त्याच्यासमोर घरात कोणी काढत नाही, सोनूबाई सोडून.

त्या दिवशी संध्याकाळी अपूर्व आजीजवळ ओटीवर येऊन बसला. डोळ्यांचं त्यानं सगळं विचारून घेतलं. बाबांना सांगणार म्हणाला, काकू नको म्हणाल्या, तरी सांगणारच म्हणाला. मग म्हणाला की पुण्याला दाखवायला जायचं आणि वड्यांच्या आधी परत यायचं, टेबल कुठे जात नाही. हे काकूंना पटलं.

मग त्यानं विचारलं, "आजी, ह्या घरात अजून काय काय तुझं आहे?"

काकूंनी विचार केला. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांची नजर सावकाश वर गेली, तुळईकडे, तेल पिऊन काळ्या झालेल्या चार कड्यांकडे. त्या त्यांना हलताना दिसल्या, पण मोजता आल्या.

"फोन लाव जरा," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"चिपळूणला."

अपूर्वनं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. काकूंनी पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि पलीकडून "हॅलो" ऐकू आल्याबरोबर म्हणाल्या, "वन्सं, मी लीला बोलत्ये. वर्ष झालं हो."